धंदा बापाचा असला तरी मृत्युपत्र करता येतं

मांजरसुंब्याच्या चौकात बीड, सोलापूर, केज आणि पाटोद्याकडचे रस्ते एकत्र येतात. अशा चौकात वेल्डिंग, फॅब्रिकेशन, गॅरेज, पंक्चर असे हातकसबाचे धंदे टिकून राहतात. ते चालवणाऱ्यांसमोर मृत्युपत्राचा विषय काढला की एक वाक्य हमखास येतं: ‘धंदा वडिलोपार्जित हाय, त्येचं मृत्युपत्र होत नसतंय.’ भावकीतले जाणतेही मान डोलावतात. हे साफ चूक आहे, आणि या चुकीची किंमत त्या घरातल्या बाईला मोजावी लागते.

समज आला कुठून हे मात्र कळतं. सुतार, लोहार, कुंभार यांचं बलुतं हे वतन होतं. त्र्यं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. गावातलं काम आणि त्याबदल्यातलं धान्य यांवरचा हक्क एकट्याचा नसे, घराण्याचा असे. भाऊ वाढले की तो वाटून घेत, बाप गेला की लेक पुढे चालवी. मिताक्षरेच्या जुन्या हिंदू कायद्यातही एकत्र कुटुंबातला माणूस गेला की त्याचा अविभक्त वाटा उरलेल्या पुरुष सहदायादांकडे जाई. तेव्हाच्या कारागिराने कुटुंबाची सोय केली ती वतन राखून. लिहून देण्याजोगं वेगळं त्याच्याकडे फारसं नसेच.

पुढे प्रश्न उभा राहिला तो कमाईचा. घराच्या पैशावर शिकलेल्या माणसाची कमाई घराची, असं न्यायालयं म्हणत. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका आयसीएस अधिकाऱ्याच्या कमाईबाबतही तेच धरलं. त्यावर बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी पुढाकार घेतला आणि १९३० साली हिंदू विद्याधनाचा कायदा झाला. त्यातल्या ‘विद्ये’त धंद्यासाठीचं शिक्षणही येतं. घरच्या माणसाने शिकवलं किंवा शिकताना घराने पोसलं, एवढ्यावरून कमाई कुटुंबाची ठरत नाही, असं तो कायदा म्हणतो. म्हणजे बापाने लेकाला वेल्डिंग शिकवलं म्हणून लेकाची कमाई वडिलोपार्जित होत नाही, हा विचार कायद्यात येऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली.

कुणी म्हणेल, बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. बरोबर. म्हणून १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा पाहा, तो इथेही लागू आहे. वादासाठी धंदा एकत्र कुटुंबाचाच धरा. तरी कलम ३०प्रमाणे प्रत्येकाला आपल्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं. शिवाय वडिलांची स्वतंत्र मालमत्ता या कायद्यातल्या वारसाहक्काने मुलाकडे आली, तर ती मुलाची स्वतःची ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ साली चंदर सेन खटल्यात सांगितलं. बापाकडून आलं ते सगळं वडिलोपार्जित, हे पालुपद आता थांबवा!

मृत्युपत्र नसलं तर काय होतं? स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. ते असताना भावाला काहीच नाही. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण दुकानात बापाबरोबर राबलेला मुलगा आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा यांचा कॉम्प्रेसरवर सारखाच हक्क लागतो, आणि वाटणीसाठी मशीनच विकायची वेळ येते. मशीन राबणाऱ्याला, घर बायकोला, ठेव मुलीला, असं ठरवणं फक्त मृत्युपत्राने जमतं.

‘नॉमिनी लावलाय की!’ हेही रोजचंच. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते, मालकी वारसांचीच राहते. जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही हेच म्हटलं.

स्टॅम्पपेपर लागतो? नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची? नाही, ऐच्छिक आहे. पण केलेली बरी. सही येत नाही? अंगठा चालतो, मात्र दोन साक्षीदारांनी सही-अंगठा पाहिलेला हवा आणि करणाऱ्यासमोर त्यांनी सह्या केलेल्या हव्यात. प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती, बीडला नव्हती. भाड्याचा गाळा मात्र मृत्युपत्राने देता येईलच असं नाही, तिथे भाडे कायदा आडवा येतो.

‘मरताना तोंडी सांगितलं होतं’ हे हिंदू कारागिराच्या बाबतीत चालत नाही. ती सवलत मोहिमेवरच्या सैनिकांसारख्या मोजक्यांना आहे. मुस्लीम कारागिराची वसीयत तोंडीही चालते, पण वारसांच्या संमतीशिवाय कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता एक-तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. कर्ज दोघांच्याही मालमत्तेतून आधी फेडावं लागतं. म्हणून वेल्डिंग मशीन हप्त्यावर असेल, तर ते कुणाला द्यायचं याबरोबर उरलेले हप्ते कुठल्या पैशातून भरायचे हेही त्याच कागदावर लिहा.