मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी

मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी हे डच चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याने इ.स. १६६५च्या सुमारास रंगवलेले तैलचित्र आहे. ४४.५ × ३९ सें.मी. आकाराचे हे चित्र नेदरलँड्समधील द हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. चित्राचे सध्याचे नाव विसाव्या शतकात रूढ झाले. नावातील मोती खरा आहे काय, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

स्वरूप

हे रूढ अर्थाने व्यक्तिचित्र नव्हे. विशिष्ट व्यक्तीऐवजी एखादा काल्पनिक चेहरा वा वेषभूषा दाखवणाऱ्या 'ट्रोनी' या डच चित्रप्रकारात त्याची गणना होते. त्यामुळे असे आभूषण कोणा स्त्रीच्या मालकीचे होते, असा निष्कर्ष चित्रावरून काढता येत नाही.

कर्णभूषण

मुलीच्या डाव्या कानाखाली थेंबाच्या आकाराचा मोठा लोलक दिसतो. त्याच्या वरच्या भागात प्रकाशाचा ठळक ठिपका असून खालच्या भागात पांढऱ्या कॉलरचे मंद प्रतिबिंब आहे. २०१८ साली झालेल्या वैज्ञानिक तपासणीत लोलक अडकवण्याची कडी चित्रात आढळली नाही. पांढऱ्या रंगाच्या काही पारदर्शक व अपारदर्शक फटकाऱ्यांतूनच मोत्याचा भास निर्माण झालेला आहे.

एवढ्या आकाराचा नैसर्गिक मोती अत्यंत दुर्मीळ व महाग असतो. संवर्धित मोती तर त्या काळी नव्हतेच. शिवाय मोत्याच्या थरांतून प्रकाश विखुरतो, तर चित्रातील चकाकी आरशासारखी आहे. या कारणास्तव डच खगोलशास्त्रज्ञ व्हिन्सेंट इके यांनी २०१४ साली तो चांदीचा मुलामा दिलेल्या काचेचा किंवा घासून चकचकीत केलेल्या कथिलाचा असावा, असे मत मांडले. चित्रकाराने खऱ्या मोत्याचा आकार वाढवून रंगवला असावा, अशीही शक्यता वर्तवली जाते.

अनुकृती

नकली मोती युरोपात सतराव्या शतकातही बनत. पॅरिसमध्ये माशांच्या खवल्यांपासून केलेल्या चकाकत्या द्रावाचा लेप पोकळ काचमण्यांना आतून देऊन त्यांत मेण भरत असत. आजही या चित्रावरून काच, शिंपला किंवा प्लॅस्टिकचे डूल तयार केले जातात. चित्रात नसलेली कडी कारागिराला स्वतःच योजावी लागते. म्हणून अशा डुलांना मूळ दागिन्याची हुबेहूब प्रतिकृती म्हणता येत नाही. मूळ लोलक काचेचा असल्यास मात्र काचेचे डूल खऱ्या मोत्यांपेक्षा त्याच्या अधिक जवळचे ठरतात.