औंध: बहात्तर गावांची राजधानी

सातारकर पाहुण्यांना कास दाखवतो, ठोसेघर दाखवतो. औंध राहूनच जातं. खरं तर रहिमतपूरवरून फार लांब नाही. हे संस्थान जेमतेम ७२ गावांचं, तीही सलग नव्हेत. औंध खटाव तालुक्यात, आटपाडी-कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ तर पार विजापूरकडे. एवढ्याशा राज्याच्या राजधानीत राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतची कला जमली, ती बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या हौसेपायी.

१९०९ साली गादीवर बसलेला हा राजा कीर्तनं करायचा, प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावायचा आणि स्वतः चित्रं काढायचा. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून निघालं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसे तर दिलेच, शिवाय तिच्यासाठी चित्रंही काढली. पंडित सातवळेकरांसारखा वेदपंडित चित्रकार औंधात येऊन राहिला, यात मग नवल ते काय!

मूळपीठाच्या डोंगरावर यमाईच्या दर्शनाला निघालं की वाटेतच श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागतं. बांधलं १९३८ साली. चित्रांवर नैसर्गिक उजेड नीट पडावा अशी त्याची रचना आहे, आणि त्यामागे हात रंगांत बुडवलेल्या माणसाची नजर आहे हे आत शिरताच कळतं. धुरंधरांची शिवचरित्रातली चित्रं सावकाश पाहावीत. युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही इथे आहेत. जाणकार त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात. पण ज्या शेतकऱ्याच्या पोराने मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, त्याला ती चित्रं दुसरीकडे कुठे दिसणार होती? रविवर्म्याच्या दागदागिन्यांतल्या बायका पाहून आलेला डोळा मूरच्या दगडी आई-मुलासमोर मात्र बिचकतो. ना चेहऱ्याचं कौतुक, ना वस्त्राच्या चुण्या. नुसता आकार आणि वजन. देवीच्या वाटेवर हे शिल्प ठेवायला छाती लागते.

त्याच १९३८ च्या अखेरीला या राजाने कारभार रयतेच्या हाती सोपवायचं जाहीर केलं. गांधीजींचा सल्ला होता. मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत खटपटीत होते. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना आली, गावोगावच्या पंचायतींवर उभी. इतर दरबारांत चित्रं राजाचा थाट वाढवायला लावत. इथल्या राजाने चित्रं वाड्याबाहेर, लोकांच्या वाटेवर नेली आणि सत्ताही तिकडेच धाडली. मला ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. पाहुण्याने मात्र संग्रहालय पाहून परत फिरू नये, आटपाडीकडे जावं. फ्रीडमन यांच्या कल्पनेतून तिथे स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेती करू देणारी ही वसाहत. त्याच मुलखातल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली पडद्यावर आणली: ‘दो आँखें बारह हाथ’.