परवाना दिल्लीचा, आभाळ दुसरीकडचं

दिल्लीच्या अरबिंदो मार्गाच्या एका अंगाला सफदरजंग विमानतळ आहे आणि समोर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. देशात विमान कोणी चालवायचं हे या कचेरीत ठरतं, पण समोरच्या धावपट्टीवरून आज एकही शिकाऊ विमान उडत नाही.

एके काळी इथे दिवसभर घरघर असायची. दिल्ली फ्लाइंग क्लब 1928 चा. पुढच्याच वर्षी, 10 फेब्रुवारी 1929 रोजी, मुंबईत जेआरडी टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. 23 जून 1980 रोजी सफदरजंगहून उडालेलं याच क्लबचं पिट्स विमान हवेत कसरती करताना कोसळलं आणि संजय गांधी व कॅप्टन सुभाष सक्सेना गेले. अमेरिकेवरच्या 2001 च्या हल्ल्यानंतर राजधानीची सुरक्षा पुढे आली आणि इथलं उड्डाण प्रशिक्षण थांबलं.

म्हणून उडायला शिकायचं ते गोंदिया, बारामती, शिरपूरला. बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानंसुद्धा धुळ्यातून उडतात. दिल्लीची वारी मात्र चुकत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, ही पहिली पायरी; व्यावसायिक परवाना मिळायला वय 18 हवं. कॉमर्सची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून सोडवतात. मग वैद्यकीय तपासणी. आधी वर्ग दोन, नंतर वर्ग एक. त्यासाठी अनेकांची पावलं सुब्रतो पार्कमधल्या हवाई दलाच्या केंद्राकडे वळतात. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा ओळखायचा, बंद खोलीत हेडफोन लावून बारीकशी शीळ ऐकू आली की बटण दाबायचं. पन्नास लाखांच्या घरात जाणाऱ्या खर्चासाठी जमीन गहाण टाकण्याआधी ही तपासणी उरकून घ्यावी, असं जाणती माणसं सांगतात ते उगाच नाही.

लेखी परीक्षांची तयारी चालते ती दिल्लीच्या द्वारकेत. डोक्यावरून पालम विमानतळाची विमानं जातात आणि खाली पीजीच्या खोल्यांत नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांची घोकंपट्टी चाललेली असते. पास व्हायला 70 टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तो वर्षानुवर्षं दूरसंचार खात्याकडे होता, 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने डीजीसीएकडे आला.

नेव्हिगेशनच्या वर्गात ‘एकास साठ’चा नियम लवकर येतो. साठ मैल उडून विमान मार्गापासून एक मैल बाजूला गेलं असेल, तर दिशा एका अंशाने चुकली. वीस मैलांवरच दोन मैल भरकटलात, तर चूक सहा अंशांची. कागदावर हे तोंडी गणित आहे. वारा अंगावर घेत, एका हाताने विमान धरून तेच करायचं म्हणजे परीक्षा.

व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात. त्यांतले 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. 300 सागरी मैलांची एक लांब फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीची दहा उड्डाणं आणि दहा अवतरणं. हे सगळं लॉगबुकात उतरतं: तारीख, विमानाचा क्रमांक, सुटल्याची आणि पोचल्याची वेळ, सही.

गोम इथेच आहे. न उडता पेनाने भरलेल्या तासांना या धंद्यात ‘पार्कर अवर्स’ म्हणतात, पार्कर पेनावरून. खोटेपणा तासांपुरताच नसतो: जानेवारी 2011 मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान नाकाच्या चाकावर उतरलं. चौकशीत माग काढता काढता कॅप्टनची गुणपत्रिकाच बनावट निघाली आणि दिल्ली पोलिसांच्या तपासात आणखी वैमानिक सापडले. शिक्का, सही, कागद सगळं जागच्या जागी होतं. खोटेपणा उघडा पाडला तो धावपट्टीने.

परवाना हाती आला तरी एअरबस चालवता येत नाही. त्या जातीच्या विमानाचं ‘टाइप रेटिंग’ लागतं, आणि त्यासाठी अनेकांना पुन्हा दिल्लीचीच वाट: गुरुग्राम किंवा ग्रेटर नोएडाचे सिम्युलेटर. यांत्रिक पायांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या खोक्यात दोघं बसतात, पाठीमागे प्रशिक्षक. ही यंत्रं रात्रंदिवस चालतात, त्यामुळे पाळी पहाटे तीनचीही येते. पडद्यावर धावपट्टीचे दिवे मागे पळू लागतात, वेग चढतो, आणि थांबण्याची वेळ टळून गेली की प्रशिक्षक एक इंजिन बंद पाडतो. नाक एका बाजूला ओढलं जातं. पाय पेडलवर किती आणि केव्हा द्यायचा, ते धुळ्याच्या वाऱ्यात खरोखर घालवलेल्या तासांनी ठरतं. पेनाने भरलेले तास त्या क्षणी पायात उतरत नाहीत.