आर्किमिडीजचं गाव : सिराक्यूज

वर्गात आर्किमिडीजचं नाव काढलं की मुलं 'युरेका' म्हणून ओरडतात. पण तो राहायचा कुठे, असं विचारलं की सगळी गप्प! मग नकाशा काढा. इटलीच्या बुटाच्या टोकाशी सिसिली बेट आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर सिराक्यूज. इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीकांनी वसवलेलं हे शहर. जुना भाग ऑर्टिजिया या छोट्याशा बेटावर आहे, पुलांनी जोडलेला.

तिथलं कॅथेड्रल मुलांना जरूर दाखवा, फोटोत का होईना. इ.स.पू. पाचव्या शतकात ते अथेना देवीचं मंदिर होतं. इ.स. सातव्या शतकात चर्च झालं, तेव्हा खांब पाडले नाहीत, मधल्या जागा भिंतींनी बुजवल्या. ते जाडजूड ग्रीक खांब आजही भिंतीत दिसतात. दर्शनी भाग मात्र १६९३ च्या भूकंपानंतरचा.

ऑर्टिजियाबाहेर खडकात कोरलेलं ग्रीक नाट्यगृह आणि जुन्या दगडखाणी आहेत. इ.स.पू. ४१३ मध्ये हरलेल्या अथेन्सच्या हजारो सैनिकांना खाणींत डांबलं होतं.

आणि एक. तिथे 'आर्किमिडीजची कबर' म्हणून जी दाखवतात, ती रोमन काळातली, दुसऱ्याच कुणाची. मीही तो फोटो खरा समजून वर्गात दाखवला होता. नंतर मुलांसमोर चूक कबूल करावी लागली. खरी कबर सिसेरोने इ.स.पू. ७५ च्या सुमारास काटेरी झुडपांत शोधली. खांबावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती, त्यावरून ओळखली. पुढे ती पुन्हा हरवली. मुलांनी विचारलं तर 'अजून सापडलेली नाही' असंच सांगा.