शिकाऊ उमेदवाराच्या पदरात काय?

उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. इंग्रजी अमदानीत कारकुनाची जागा मिळावी म्हणून कचेरीत बिनपगारी राबणे, याला उमेदवारी म्हणत. पुढे हा शब्द निवडणुकीने पळवला, पण कारखान्याच्या फाटकाशी त्याचा जुना अर्थ शाबूत आहे. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकायला येणाऱ्याला मराठीत आजही ‘शिकाऊ उमेदवार’च म्हणतात. सरकार उद्योगांना मदत करते तेव्हा या उमेदवाराच्या पदरात काय पडते, एवढ्याच प्रश्नापायी मी कायदे आणि योजना वाचत गेलो.

यंत्राच्या बाजूची मदत चटकन सापडते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना. मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर मागास भागात जाणाऱ्या कारखानदाराला सवलती, असे तिचे सूत्र. केंद्राने २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली; १४ क्षेत्रे, सुमारे १.९७ लाख कोटी रुपये. अशा योजनांची मोजपट्टी मुख्यतः गुंतवणूक किंवा वाढीव विक्री. हे आकडे ताळेबंदात दिसतात, तपासता येतात. पण फिटरच्या बोटांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक जाणवू लागला, ही नोंद कोणत्या रकान्यात करायची?

म्हणून कौशल्याचा भार मुख्यतः कायद्यावर येतो. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियम आहे. त्याच कायद्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. सुरक्षितता, कामाचे तास, अपघाताची भरपाई एवढे संरक्षण त्याला मिळते. बाकीचे कामगार कायदे लागू नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही.

या सवलतीमागे तर्क आहे, आणि तो मला पटतो. शिकवलेला टर्नर उद्या शेजारच्या कारखान्यात जाणार असेल, तर त्याच्यावर खर्च कोण करील? मालकाचा बोजा हलका केल्याशिवाय कोणी शिकवणार नाही. केंद्राच्या २०१६ च्या योजनेने तर विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना कमाल १५०० रुपयांपर्यंत वाटा उचलला. गोम इतकीच, की हा पैसा हजेरीवर मिळतो. उमेदवार लेथवर उभा होता की वर्षभर खोकी भरत होता, हे विद्यावेतनाच्या पावतीवरून कळत नाही.

राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहा. बारावी उत्तीर्णाला ६०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. मुदत सहा महिने, पुढे अकरा. आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो! शिवाय अनेकांची नेमणूक कारखान्यात नव्हे, सरकारी कार्यालयांतच झाली. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी कायम नोकरी मागत रस्त्यावर उतरले. कचेरीतली जुनी उमेदवारीच ही, फक्त विद्यावेतनासह.

माझ्या मते उपाय फार अवघड नाही. कारखान्याच्या अनुदानाचा एक हप्ता राखून ठेवावा. त्याच्याकडचे किती उमेदवार राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वर्षभराने त्यांतले किती जण त्याच कामावर, मग कुठल्याही कारखान्यात का असेना, पूर्ण पगारावर आहेत, हे पाहूनच तो सोडावा. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यांवरून याचा बराचसा पडताळा घेता येईल.