सुरीची मूठ कशाची हवी?

सुरी बनवून घेताना सगळे पात्याचं पोलाद विचारतात, मुठीचं कोणी विचारत नाही. फौजेत मी खुकरी वापरली, निवृत्तीनंतर कोलकात्यात राहतो. इथल्या पावसाळ्यात दगा देते ती मूठच.

लाकूड दमट हवेत रेषांच्या आडवं फुगतं, थंडीत आकसतं. धातू तसा हलत नाही. सांध्यात फट पडते, पाणी शिरतं आणि पातं मुठीच्या आत गंजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. इलिश कापताना अशी मूठ ओल्या हातात फिरली, तर बोटावरच येतं.

लाकूडच हवं असेल तर पूर्ण वाळलेलं शिसवी घ्या. माझी पसंती मायकार्टाला: राळेत दाबलेले कापडाचे थर, पाण्याला फारसे बधत नाहीत. मुठीच्या तोंडाशी पितळ देखणं, पण लिंबू-चिंच लागली की हिरवं पडतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त असतं. स्वयंपाकघरात स्टेनलेस बरं.

सांबरशिंग मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. म्हशीचं शिंग चालतं, फक्त पाण्यात भिजत ठेवू नका.