नोंद कोणाच्या नावावर?



कामगार-चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या आतल्या गोष्टी सांगाव्यात, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण नोंदवही आली की दोषारोप आला, आणि दोषारोप आला की आमचा संबंध आलाच.

एका कारखान्यातला जुना अनुभव सांगतो. तिथे मुकादम खराब मालाची नोंद पाळी सुटताना करी. त्या क्षणी यंत्रावर जो उभा दिसे, त्याचे नाव वहीत. एकदा मधल्या सुट्टीनंतर बदली कामगार आला, आणि सकाळच्या माणसाने बिघडवलेल्या मालाचा दंड त्या बदलीवाल्याच्या पगारातून कापला गेला. मुकादम खोटे बोलत नव्हता. जे दिसले तेच त्याने लिहिले; पाहिले मात्र चुकीच्या वेळी.

नेमकी हीच चूक संगणकातही होते. मोठ्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या मागण्या एकटा सर्व्हर उरकू शकत नाही. म्हणून पुढे लोड बॅलन्सर बसवतात. तो प्रत्येक मागणी मागच्या एखाद्या सर्व्हरकडे धाडतो आणि काय घडले ते लॉगमध्ये लिहितो. विली तारो यांचा २००१ सालचा एचएप्रॉक्सी हा असाच एक प्रोग्रॅम. त्यात पूर्वी सर्व्हरचा पत्ता सुरुवातीला एकदा वाचला की तोच राही. २०१५ साली आलेल्या १.६ या आवृत्तीपासून, काम चालू असतानाच डीएनएसला विचारून पत्ता बदलता येऊ लागला. भाड्याच्या यंत्रांच्या या काळात सर्व्हर आज इथे, उद्या तिथे. तेव्हा ही सोय हवीच. पण तिच्याबरोबर मुकादमाची अडचणही आली.

ती अशी. नोंद साधारणतः मागणी पुरी झाल्यावर लिहिली जाते. समजा, १०.०.०.५ या पत्त्याशी जोडणी झाली, उत्तर पुरे व्हायला तीस सेकंद लागले, आणि विसाव्या सेकंदाला सर्व्हरचा पत्ता १०.०.०.९ झाला. लिहिणाऱ्या कोडने सर्व्हरचा त्या घडीचा पत्ता पाहिला, तर वहीत ९ उमटेल. काम केले ५ ने. जुनी जोडणी पुढच्या मागण्यांसाठी राखून ठेवली असेल, तर घोटाळा आणखी लांबतो. शिवाय २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून अनेक धागे एकाच वेळी राबू शकतात. एक धागा पत्ता बदलत असता दुसऱ्याने तो वाचला, तर जुना पत्ता आणि नवा पोर्ट अशी मिसळ हाती येण्याचा धोका असतो.

उपाय साधा आहे. जोडणी करतानाच पत्ता त्या जोडणीपाशी उतरवून ठेवावा आणि लॉगने तोच वाचावा. पत्ता बदलताना व त्याची प्रत घेताना कुलूप असावे. जोडणी झालीच नसेल तर रेघ मारावी. अंदाजाने रकाना भरू नये. पत्ता बदलला की कशाचा काय झाला, केव्हा व कशामुळे, याची वेगळी ओळ लिहावी. सर्व्हरचे नावही सोबत हवे. नावावरून जागा कळते. त्या जागी कोण उभे होते, ते पत्त्यावरून.

या एका आकड्यावर काय अवलंबून आहे? रात्रपाळीचा तंत्रज्ञ पहाटे तीनला ती ओळ वाचतो, बिनदोष यंत्र बंद करतो, बिघडलेले तसेच राहते. आणि सकाळी जबाब त्यालाच द्यावा लागतो.

त्या कारखान्यात आम्ही एवढेच मागून घेतले होते: नाव काम हाती घेताना लिहा, सुटताना नव्हे. बदलीवाल्याचा दंड परत मिळाला. संगणकाकडेही आमचे मागणे याहून वेगळे नाही.